तांडा थांबावा म्हणून

दरवर्षी १ जुलैला पुसदकडच्या शाळांत, पंचायत समितीच्या कचेरीत आणि तांड्यातांड्यांवर एक तसबीर भिंतीवरून खाली उतरवतात. धूळ पुसतात, गंध लावतात, झेंडूचा हार घालतात. वसंतराव फुलसिंग नाईक यांचा हा जन्मदिवस. सारा महाराष्ट्र तो कृषिदिन म्हणून पाळतो. पाऊस वेळेवर आला असेल तर त्या सुमारास पेरण्या उरकत आलेल्या असतात आणि तांडा भरलेला असतो. बायका निंदणाला जायच्या तयारीत असतात, पोरे शाळेत असतात, म्हातारी माणसे ओसरीवर असतात.

हाच तांडा मी डिसेंबरातही पाहिला आहे. दहा घरांपैकी सहांच्या दाराला कुलूप. ज्यांच्याकडे कुलूप नाही त्यांच्या दाराला बाभळीची फांदी. मागे राहिलेली एखादी आजी आणि तिच्याजवळ ठेवलेली दोन नातवंडे. बाकीचे दसरा-दिवाळी आटोपून ऊसतोडीला गेलेले, वीटभट्टीवर गेलेले, नाहीतर पुण्या-मुंबईकडे बांधकामावर.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री जागून. नोकरीतली तीन वर्षे, १९८७ ते १९९०, पुसद तालुक्यातल्या एका शाखेत गेली. कर्जवाटपाच्या निमित्ताने मोटारसायकलवर तांडे पालथे घातले. त्या तीन वर्षांत मनात शिरलेला एक प्रश्न अजून बाहेर पडलेला नाही. ज्या माणसाने आपली उभी हयात माणसे आपापल्या जागी टिकावीत म्हणून घालवली, त्याच्याच मुलखातली, त्याच्याच समाजातली माणसे दरवर्षी घर का सोडतात? वसंतरावांचे चरित्र मी पुन्हा पुन्हा वाचत आलो ते या प्रश्नापायी.

बंजारा समाज मुळात चालणारा. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ, धान्य मुलखातून मुलखात न्यायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. त्याला लदेणी म्हणत. मोगलांच्या फौजा असोत की मराठ्यांच्या, त्यांच्या पोटाला धान्य पोचवायचे ते याच लमाणांनी. ते चालणे लाचारीचे नव्हते. माल त्यांचा, बैल त्यांचे, वाट त्यांनी ठरवलेली. पुढे पक्क्या सडका झाल्या, आगगाडी आली आणि हजार बैलांचे काम एका मालगाडीने हिरावून घेतले. त्यात भर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची. मुलखात ठिकठिकाणी भटक्यांवर चोरीचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला आणि महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत मोडू लागले. पण धंदा गेला तो गेलाच. बैल विकले गेले आणि ज्या मुलखात जो होता तिथे तो टेकला. माळरानावर, जंगलाच्या कडेला, गावापासून हाकेच्या नव्हे, कोसाच्या अंतरावर. चांगली काळी जमीन केव्हाच दुसऱ्यांच्या सातबाऱ्यावर चढलेली होती.

पुसद तालुक्यातले गहुली हे असेच टेकलेले गाव. वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग यांनी ते वसवले, असे सांगतात. वडील फुलसिंग तांड्याचे नाईक होते. नाईक हे तेव्हा आडनाव नव्हते, काम होते. तांड्यातले तंटे सोडवायचे, कोणाच्या घरी चूल पेटली नाही ते पाहायचे, तांड्याच्या वतीने बाहेरच्यांशी बोलायचे. त्या घरात १ जुलै १९१३ रोजी वसंतराव जन्मले.

फुलसिंग नाईकांनी पोराला शिकवायचे ठरवले, ही त्या काळी तांड्यात साधी गोष्ट नव्हती. शाळा आसपासच्या गावांत. चालत जायचे, एका गावातली शाळा संपली की पुढच्या गावात. मग अमरावती, मग नागपूर. तिथे नील सिटी हायस्कूल आणि मॉरिस कॉलेज. १९४० मध्ये ते कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडले. काही काळ अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली वकिली केली आणि मग पुसदला येऊन बसले. नागपुरात वकिली चालली नसती असे नाही. पण हा माणूस परतला. शिकलेला पोरगा परत येतो, हीच गोष्ट तांड्याने तोवर पाहिलेली नव्हती.

१९४१ साली त्यांनी वत्सलाबाई घाटे यांच्याशी लग्न केले. मुलगी नागपूरच्या ब्राह्मण घरातली, मुलगा बंजाऱ्याचा. दोन्हीकडून कडाडून विरोध झाला. तरीही दोघांनी ते निभावले आणि वत्सलाबाई पुढे तांड्याच्या सूनबाई म्हणूनच वावरल्या. १९४६ मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले. १९५२ च्या निवडणुकीत जुन्या मध्य प्रदेशाच्या विधानसभेत गेले आणि महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, तेव्हा आधी सहकार आणि मग शेती खाते त्यांच्याकडे आले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर महसूल. ही खाती पाहा. जमीन, पीक, पतपुरवठा. खेड्यातला माणूस खेड्यात राहतो की जातो, हे ज्या गोष्टींवर ठरते त्या साऱ्या त्यांच्या हातांखालून गेल्या.

जिल्हा परिषदा कशा असाव्यात हे ठरवायला नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. त्या समितीच्या अहवालावरून १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. ते महसूलमंत्री असतानाच १९६१ चा कमाल जमीन धारणेचा कायदाही झाला. मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्रिपदावर असताना वारले आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव मुख्यमंत्री झाले. ते २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत. सलग अकरा वर्षांहून अधिक काळ ती खुर्ची दुसऱ्या कोणाला लाभलेली नाही.

पुष्कळांना ते आठवतात ते तोंडातल्या पाईपसह. उंचेपुरे, नीटनेटके, कमी बोलणारे. मुंबईच्या मंडळींना ते साहेबी थाटाचे वाटत. पण शेतकऱ्यांत बसले की बोलणे वाणाचे, खताचे, विहिरीच्या पाण्याचे. १९६५ च्या टंचाईत, देश परदेशी धान्यावर जगत असताना, त्यांनी पुण्यात शनिवारवाड्यावरच्या सभेत सांगून टाकले की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला खुशाल फाशी द्या. लोक हसले असतील, काहींनी ते लक्षात ठेवले असेल. पण त्यांनी संकरित ज्वारीचे बियाणे खेडोपाडी पोचवण्यासाठी सारी यंत्रणा कामाला लावली. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चारही कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात, त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली. परभणीच्या विद्यापीठाला पुढे, २०१३ मध्ये, त्यांचे नाव दिले गेले.

आणि मग १९७२ आला.

माझे आजोळ बीड जिल्ह्यातले. वडील दारव्हा तालुक्यात प्राथमिक शिक्षक. १९७३ च्या मे महिन्यात सुट्टीला आजोळी गेलो तेव्हा मी बारा-तेरा वर्षांचा असेन. गावाबाहेर पाझर तलावाचे काम चालले होते. इतकी माणसे मी फक्त जत्रेत पाहिली होती, पण जत्रेत आवाज असतो. इथे नुसता कुदळीचा आणि दगड फुटण्याचा आवाज. माझा मामा, ज्याच्या घरी चार सालगडी होते, तोही पाटी उचलत होता. पोरांना सुकडी मिळे. घरी लाल मिलोच्या भाकरी. त्या महिन्यात राज्यभरच्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती, हे मला फार पुढे वाचनात आले. माझ्यापुरता हिशेब साधा होता. मामाचे गाव त्या वर्षी उठले नाही. काम गावाजवळ आले म्हणून गाव जागेवर राहिले.

दुष्काळी कामे इंग्रजांच्या काळापासून निघत होती. नवे होते ते त्यामागचे तत्त्व. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात एक प्रयोग करून पाहिला होता. खेड्यात जो कोणी अंगमेहनतीचे काम मागेल त्याला सरकारने ते दिलेच पाहिजे, असा तो विचार. वसंतरावांच्या सरकारने १९७२ मध्ये तो उचलला आणि रोजगार हमी योजना जन्माला आली. दुष्काळ सरल्यावरही ती राहिली. तिचे श्रेय पागे यांचे, यात वाद नाही. पण दुसऱ्याची कल्पना तिजोरीची किल्ली हातात असताना स्वीकारायलाही मन लागते. तिला १९७७ च्या कायद्याचे बळ मिळाले आणि तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता. बाईला आणि पुरुषाला एकाच दराने मजुरी. देशाने हीच वाट धरली ती २००५ च्या कायद्याने, आणि पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांत यवतमाळ होता.

या योजनेला पैसा कुठून आला, हे नोकरदार वाचकांना ठाऊक असायला हवे. १९७५ च्या कायद्याने शहरातल्या पगारदारांवर आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसला तो या हमीसाठी. माझ्या पगारपत्रकावर निवृत्त होईपर्यंत दर महिन्याला ती छोटी रक्कम कापलेली दिसे. शेवटच्या वर्षांत महिना दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे. शाखेतले सहकारी त्या कपातीवर कुरकुरत. मी मात्र ती पाहिली की मामाच्या डोक्यावरची पाटी आठवे. शहरातल्या बांधलेल्या पगारातून खेड्यातल्या न बांधलेल्या मजुरीला दिलेला तो वाटा होता. असा विचार त्या काळात दुसऱ्या राज्याने केलेला नव्हता.

मग तांडा थांबला का नाही?

याचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही, माझ्याच टेबलावर मिळाले. आणि ते सांगताना आजही मान खाली जाते.

१९८८ चा पावसाळा संपत आला होता. एका तांड्यावरचे नवरा-बायको शेळ्यांसाठी कर्ज मागायला आले. ग्रामीण विकास कार्यक्रमात बसणारे प्रकरण. रक्कम तीन-साडेतीन हजारांची. जमीन नाही, सातबारा नाही. मी त्यांना बाकी नसल्याचे दाखले आणायला सांगितले, मग रेशनकार्डाची नक्कल, मग जामीनदार. नियमाने जामिनाची गरज नव्हती, हे मला माहीत होते. पण वसुलीचे आकडे वर कळवायचे असत आणि मी माझी बाजू राखत होतो. तीन वेळा ते आले. प्रत्येक खेपेला दोघांची एक दिवसाची मजुरी बुडाली. बाई बोलत नसे, फक्त माझ्या हातातल्या कागदाकडे बघे. चौथ्यांदा ते आले नाहीत.

डिसेंबरात दुसऱ्या एका कर्जाची पाहणी करायला मी त्याच तांड्यावर गेलो. त्यांच्या दाराला बाभळीची फांदी होती. शेजारच्या म्हातारीने सांगितले की दसऱ्याला मुकादम आला होता. एका रात्रीत त्याने चार हजार रुपये रोख मोजून दिले आणि अंगठा घेतला. कोयता घेऊन दोघे गेले. मी तीन महिन्यांत जे दिले नाही ते त्याने एका रात्रीत दिले.

त्या पैशाला उचल म्हणतात. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माणसे मोजायची नाहीत, कोयते मोजायचे. उचल आधी, काम नंतर. पहाटे अंधारात फडात उतरायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, रात्री-अपरात्री गाडी भरायची. दिवस चुकला तर खाडा. हंगामाअखेर हिशेब होतो आणि उचल पुरती फिटली नसेल तर बाकी पुढच्या वर्षावर. म्हणजे पुढच्या दसऱ्याला जायचे की नाही हा प्रश्नच उरत नाही. कारखान्याच्या दप्तरात त्या जोडीचे नाव नसते. तिथे मुकादमाचे, नाहीतर वाहतूक कंत्राटदाराचे नाव असते. आजारपण, अपघात, बाळंतपण हे सारे ज्याचे त्याने पाहायचे.

हे कळल्यावर माझ्या हिशेबी डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. गरीब माणूस नुसत्या कामासाठी घर सोडत नाही. त्याला एकरकमी पैसा लागतो, तो ठरावीक वेळी लागतो आणि कोणी कागद न मागता द्यावा लागतो. पोरीचे लग्न, सावकाराचा तगादा, गळके छप्पर, दवाखाना. या गरजा दिवसाच्या मजुरीने भागत नाहीत. रोजगार हमीची मजुरी कष्टाची आणि मानाची होती, पण ती मोजमाप होऊन, हजेरीपट फिरून, आठवड्यांनी हातात पडे. बँकेचे कर्ज सातबारा पाहून मिळे. या दोघांच्या मधल्या फटीत मुकादम रोकड घेऊन उभा होता.

दुसरी गोष्ट पाण्याची. सहकारी साखर कारखाने भराभर वाढले ते पश्चिम महाराष्ट्रात आणि वसंतरावांच्याच काळात. पाणी तिकडे, ऊस तिकडे, तोडणारे हात इकडचे. त्यांनी आपल्या भागाकडे पाहिलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पूस नदीवर धरण झाले. १९७२ च्या हंगामापासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला काही वर्षे तरी व्यापाऱ्याच्या पट्टीपासून सुटका मिळाली. पुढे तीही मोडीत निघाली. पण दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याच्या असमतोलाचा हिशेब मांडला तेव्हा सिंचनाचा मोठा अनुशेष विदर्भ-मराठवाड्याच्या नावे निघाला. मुख्यमंत्री आपला असला म्हणजे पाणी आपल्याकडे वळतेच असे नाही. राज्य चालवायला ज्यांची साथ लागते त्यांची शेते आधी भिजतात. वसंतरावांच्या अकरा वर्षांची ही बाजूही लिहून ठेवली पाहिजे.

निवृत्तीनंतर मुलाकडे नवी मुंबईत राहायला गेलो. ही नगरीही त्यांच्याच कारकिर्दीतली. मुंबईवरचा भार हलका व्हावा म्हणून १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. सकाळी फिरायला निघालो की नाक्यावर मजूर उभे दिसत. हातात थापी, घमेले, डब्याची पिशवी. एक दिवस गोरबोली कानावर पडली आणि पाय थांबले. विचारले तर माणसे दिग्रसकडची निघाली. ठेकेदार टेम्पो घेऊन येतो, बोट दाखवून हवी तेवढी माणसे निवडतो. ज्यांच्याकडे बोट वळले नाही ते दहा वाजता परत. त्यांच्यातल्या एका पोराने मला फोनवर आपल्या तांड्यातला नाईकसाहेबांचा पुतळा दाखवला. त्याला त्यांच्याविषयी फारसे माहीत नव्हते. आपला माणूस मुंबईत सगळ्यात वरच्या खुर्चीवर बसला होता, एवढे माहीत होते आणि तेवढ्याचा त्याला अभिमान होता. वसंतराव वकिलीची सनद घेऊन तांड्याकडे परतले होते. हा पोरगा बारावी शिकून नाक्यावर उभा होता. जाणे वाईट नाही. मीही नोकरीपायी दहा गावे फिरलो. पण माझ्या बदलीच्या आदेशावर माझे नाव, पद आणि भत्ता लिहिलेला असे. त्याच्या जाण्याचा कागदच कुठे नव्हता.

मुख्यमंत्रिपद सोडल्यावर वसंतराव १९७७ मध्ये वाशीमहून लोकसभेत गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूरला असताना ते वारले. रोजगार हमीचा कायदा अमलात येऊन तेव्हा सातच महिने झाले होते. मी कॉलेजात होतो. बातमी आली तेव्हा श्रावण होता. तांड्यांवर तीजेचे दिवस, मुली टोपल्यांत गहू रुजवून त्याला पाणी घालण्याचे.

त्यांचा जन्मदिवस आणि स्मृतिदिन, दोन्ही पावसाळ्यात येतात. तांडा भरलेला असतो, म्हणून हार घालायला माणसे असतात. त्यांचे मोठेपण त्या तसबिरीपुढे उभे राहून मीही मनापासून मान्य करतो. माणसाला त्याच्या गावात काम मागण्याचा हक्क असतो, ही गोष्ट त्यांच्या सरकारने प्रथम हिशेबाच्या वहीत लिहिली. वही मात्र पुढच्यांनी भरायची होती. त्यात माझ्यासारखे टेबलावर बसलेलेही आले.

त्या शेळ्यांच्या कर्जाचा अर्ज वर्षाअखेर मला निकाली काढायचा होता. फाईल उघडली. त्या काळच्या रीतीप्रमाणे मी शेरा मारला की अर्जदार गावात आढळून आला नाही. सही केली, शिक्का उमटवला. शेरा खोटा नव्हता. तो का आढळला नाही, हे लिहायला त्या फॉर्मवर रकाना नव्हता आणि मीही समासात दोन ओळी लिहिल्या नाहीत. त्या दोन ओळी आज इतक्या वर्षांनी लिहितो आहे.